अपडेटमधली मेंढरं

“मिस्टर शेवडे, मेंढ्या कुठे आहेत?” डायरेक्टर मॅडमनी विचारलं.

माळावर वारा असा सुटला होता की त्यांचा पदर, हेडक्वार्टरहून आलेल्या राघवनसाहेबांच्या गळ्यातलं ओळखपत्र आणि माझ्या हातातल्या प्रिंटआउट्स, सगळं एकाच दिशेला फडफडत होतं. त्या दिशेला आटपाडी. बाकी चहूकडे काहीच नव्हतं. गवत नव्हतं, झाड नव्हतं आणि मेंढरू तर औषधालाही नव्हतं.

सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला एक कला नक्की येते. प्रश्न ऐकूच आला नाही असा चेहरा करण्याची. मी तो केला. पण वाऱ्याचा फायदा मला मिळाला नाही. मॅडम एक पाऊल पुढे आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “मेंढ्या. तुमच्या मॉडेल स्टेशनच्या. मी त्या बघायला आले आहे.”

हे इथपर्यंत कसं आलं, ते सांगतो. सांगण्यासारखं माझ्या नोकरीत एवढंच घडलंय.

मी सरकारी अंतराळ संस्थेत टेक्निकल ऑफिसर आहे. असं म्हटलं की समोरचा लगेच मान वर करतो आणि विचारतो, “म्हणजे रॉकेट तुम्ही सोडता?” नाही. रॉकेट सोडणारी माणसं लांब समुद्रकाठी असतात, त्यांचे फोटो पेपरात येतात. माझ्याकडे एक पांढरी थाळी आहे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका उघड्या माळावर ती बसवली आहे. आसपासची माणसं तिला ‘सरकारी परात’ म्हणतात. ही परात एकाच उपग्रहाकडे बघत असते. तो उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळवून फिरतो, म्हणून आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतो, आपल्याकडून दक्षिणेला. त्याचा सिग्नल नीट येतोय का, हे परात बघते. परात बघतेय का, हे मी बघतो. आणि मी बघतोय का, हे बघायला असतो सोमवारचा अपडेट.

हा अपडेट म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. देशभरातली सगळी स्टेशनं एकामागून एक डायरेक्टरांना आपली खबर देतात. मोठी स्टेशनं आधी, छोटी नंतर. आम्ही सगळ्यांत शेवटी. मोठी स्टेशनं बोलत सुटतात, त्यामुळे आमच्यापर्यंत येईतो डायरेक्टर घड्याळाकडे बघत असतात. माझं वाक्य ठरलेलं होतं: “ऑल सिस्टिम्स नॉमिनल, सर.” नॉमिनल म्हणजे जसं असायला हवं तसं आहे. त्यावर पलीकडून, “थँक यू, शेवडे,” आणि पडदा काळा.

या एका वाक्यासाठी मी सकाळी दाढी करायचो आणि इस्त्रीचा शर्ट घालायचो. खाली लुंगीच असायची, पण कॅमेऱ्याला ती दिसत नाही. आंघोळ करताना वाक्याची तालीम चालायची. ‘नॉमिनल’वर जोर द्यावा की ‘ऑल’वर? एकदा ‘सर’च्या आधी जरा थांबून बघितलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. हसू नका. आठवड्यात माझ्या खात्यातल्या माणसाशी माझं बोलणं होई ते एवढंच.

स्टेशनला दुसरा ऑफिसर मंजूर आहे, पण तो मंजूरच आहे, आलेला नाही. गेटवर जाधव असतात. खटावकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी ते केबिनच्या दारात ताठ उभे राहायचे. “सब ठीक, सर!” मी म्हणायचो, “थँक यू, जाधव.” ते उलट वळून गेटवर. झालं. घर माझं वाईला, घाटाच्या जवळ. बायको वसुधा तिथल्या शाळेत शिकवते, मुलगी पुण्याला शिकते. वाई काही परदेशात नाही, पण जागेवर कुणी दुसरा आल्याशिवाय स्टेशन सोडता येत नाही, आणि दुसरा महिनोन्महिने येत नाही. म्हणून मी बदलीचा अर्ज केला होता. साताऱ्याच्या जवळपास, पुण्याला, कुठंही. अर्ज ‘विचाराधीन’ होता.

अशात एके दिवशी ‘लीडरशिप अपडेट’ आला. ही आमच्याकडची नेहमीची मेल. अमुक यांनी पदभार स्वीकारला, तमुक यांना कार्यमुक्त करण्यात आलं, दोघांनाही शुभेच्छा. आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या माणसाला त्यानं एवढाच फरक पडतो की ‘सर’ म्हणायचं की ‘मॅडम’. या वेळी मॅडम आल्या. मूळच्या अँटेना इंजिनिअर. हे पुढे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मॅडमनी पहिल्याच सोमवारी फॉरमॅट बदलला. प्रत्येक स्टेशननं तीन गोष्टी सांगायच्या. स्टेटस, चॅलेंज आणि गुड प्रॅक्टिस. माझी पाळी आली.

“स्टेटस नॉमिनल, मॅडम. चॅलेंज नन. गुड प्रॅक्टिस नन.”

मॅडम पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “मिस्टर शेवडे, चॅलेंज नाही असं स्टेशन नसतं. बघणारा नसतो.”

पडदा काळा झाल्यावर लगेच राघवनचा फोन आला. राघवन हेडक्वार्टरला सगळ्या स्टेशनांचे को-ऑर्डिनेटर. “शेवडेजी, ट्रान्स्फर पाहिजे ना? मग व्हिजिबल राहा. काहीतरी गुड प्रॅक्टिस आणा.”

“कुठून आणू? इथं मी आणि परात.”

“ते तुम्ही बघा. व्हिजिबल राहा.”

तेव्हा पाऊस नुकताच सरला होता. आमच्या भागात पाऊस म्हणजे पाहुणा; येतो, चहाही न घेता जातो. पण त्या वर्षी बरा झाला होता आणि तारेच्या कुंपणात गुडघाभर गवत माजलं होतं. स्टेशनला गवत चालत नाही. वाळलं की वणव्याची भीती. हिरवं असलं की उंदीर, उंदरांमागून साप, आणि उंदीर केबल कुरतडतात ते वेगळंच. गवत कापणारा कंत्राटदार ‘उद्या येतो’ म्हणाला होता. तो उद्या अजून उगवायचा आहे.

एका दुपारी जाधव केबिनशी आले. “सर, गेटपर एक सिव्हिलियन हाय. मेंढरं घेऊन.”

गेटवर बिरू तात्या उभे होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मागं मेंढरांचा पांढरा-काळा लोंढा. शेजारच्या वाडीतलेच. पावसाळा गावाकडं काढायचा आणि दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेकडं उतरायचं, ही त्यांची पिढ्यांची रीत.

“सायेब, लय गवात माजलंय की आत. वाळून जाणार. मेंढरं सोडू का?”

“आत मशिनं आहेत, तात्या.”

“आवं, मेंढरं हायती ती. मशीन खात न्हाईत.”

परातीभोवती आणि केबलींभोवती आतलं दुसरं कुंपण आहेच. बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात मेंढरं आली तर काय बिघडणार, असा मी तांत्रिक विचार केला. निदान तसा केल्याचं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज वाऱ्यावर आत आला आणि मला गेट लावून घेववेना.

तात्यांनी तिथंच पाल ठोकलं. त्यांची बायको हौसाक्का, दोन कुत्री, पाठीवर संसार लादलेलं एक घोडं. दिवसभर घंटा वाजायच्या. केबिनमध्ये बसून मी सिग्नलचे आलेख बघायचो आणि खिडकीतून मेंढरं बघायचो. खरं सांगायचं तर आलेखांपेक्षा मेंढरांत घडामोडी जास्त असतात.

पहिल्याच संध्याकाळी मी पाय मोकळे करायला पालाशी गेलो. हौसाक्का भाकरी थापत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, “जेवलासा का?”

हा प्रश्न मला कितीतरी दिवसांत कुणी समोर उभं राहून विचारला नव्हता. वसुधा फोनवर विचारायची, पण फोनवर ‘हो’ म्हणायला काय लागतं?

“खिचडी केलीय,” मी म्हणालो.

“खिचडी व्हय?” हौसाक्का तात्यांना म्हणाल्या, “आवं, आजारी हायती वाटतं सायेब.”

“न्हाई गं, बामणाचं खाणं तसंच,” तात्या म्हणाले. “बसा सायेब. घरचं दूध हाय.”

मी बसलो. रोज बसायला लागलो. तात्यांना माझ्या परातीविषयी एकच शंका होती. “ह्यो उपग्रह तुमाला कवा बोलतो का?” मी सांगितलं, सतत बोलतो. “आन तुमी?” मी सांगितलं, माझं त्याला ऐकू जात नाही, इथून पाठवायची सोय नाही, नुसतं ऐकायची आहे. तात्यांनी परातीकडं एकदा नीट बघितलं. मग म्हणाले, “लगीन झालेल्या माणसावानी झालं की.” हौसाक्कांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते उठून मेंढरं मोजायला गेले.

गवत आठवड्याभरात सपाट झालं. आणि सोमवार आला. मी लुंगीऐवजी पँट घातली, यावरून माझा उत्साह लक्षात यावा. स्लाइडवर लिहिलं: ‘इको-फ्रेंडली व्हेजिटेशन मॅनेजमेंट थ्रू कम्युनिटी पार्टनरशिप.’ म्हणजे तात्यांची मेंढरं. खाली फोटो. पुढे हिरव्या गवतात कळप, मागे पांढरी परात, वर निळं आकाश. फोटो खरंच देखणा होता. कुणीही मेंढपाळ व्हावं असा.

मॅडम पडद्यावर पुढे झुकल्या. “वंडरफुल! मिस्टर शेवडे, सगळ्यांना समजावून सांगा.”

मी बोललो. एक मिनिटाचा माणूस बोलतच राहिला. मोठ्या स्टेशनांचे मोठे इंजिनिअर ऐकत होते. एकानं विचारलं, “मेंढ्या का, शेळ्या का नाहीत?” मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, “शेळी चढते. अँटेनाजवळ चढणारं जनावर नको.” हे मला आदल्या दिवशी हौसाक्कांनी सांगितलं होतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “आपलं हे मॉडेल स्टेशन.” लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. लहान लहान चौकटींत बसलेली माणसं टाळ्या वाजवताना दिसतात, आवाज येत नाही, कारण सगळे म्यूट असतात. मला तेवढंही पुरलं.

राघवनचा फोन आला. “शेवडेजी, कमाल केलीत! मॅडम एकदम खूश.”

“मग माझी ट्रान्स्फर?”

“ट्रान्स्फर? आता कशी होईल? मॉडेल तुमचं. तुम्हाला हलवलं तर चालवणार कोण? फाइल होल्डवर ठेवलीय. मॅडमच म्हणाल्या.”

व्हिजिबल राहायचं होतं ना, राहिलो. आता तिथंच राहा.

दिवाळी झाली. एका सकाळी तात्यांनी पाल उतरवलं. घोड्यावर सामान चढलं, त्यावर कोंबडी, कोंबडीवर टोपली. मी गेटवर गेलो.

“तात्या, थांबा की अजून थोडे दिवस.”

“हितं थांबून काय खातील ती, दगडं? तुमचं कुंपान बी साफ झालंय.”

“मी चारा मागवतो.”

तात्या हसले. “सायेब, मेंढरू चाऱ्याला थांबत न्हाई. चाऱ्याच्या मागं जातं. पाऊस पडला की येतो माघारी.”

हौसाक्का जाता जाता म्हणाल्या, “खिचडी कमी खावा.” घंटांचा आवाज बराच वेळ येत होता. मग वारा उलटला.

इथून पुढचं शहाणपण माझं एकट्याचं. पुढच्या सोमवारी ‘कळप गेला’ एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की मी पुन्हा एका मिनिटाचा माणूस. मॅडम दर आठवड्याला विचारत, “शेवडे, आपल्या मेंढ्या कशा आहेत?” सबंध संस्थेत मला विचारला जाणारा हा एकमेव प्रश्न होता, भले मेंढ्यांबद्दल असेल. मी म्हणालो, “नॉमिनल, मॅडम.” आणि जुना फोटो लावला. त्याच्या पुढच्या सोमवारी तोच फोटो जरा कापून लावला. त्याच्या पुढच्या सोमवारी मला वाटलं, फार झालं, नवीन काहीतरी हवं. कॉम्प्युटरवर फोटो उजव्याचा डावा, डाव्याचा उजवा करून उलटा फिरवला. आरशात दिसतो तसा. कळप आता दुसऱ्या बाजूला चरत होता. मी स्वतःवरच खूश झालो.

आणि मग मेल आली. डायरेक्टर मॅडम मॉडेल स्टेशनला भेट देणार.

मी तात्यांना फोन लावला. “तात्या, कुठं आहात?”

“हितं वाईला की! नदीकडंच्या रानात मेंढरं बसवल्यात. तुमच्या घरला बी जाऊन आलो. बाईंनी च्या पाजला. हौसानं इचारलं, सायेब हितं का ऱ्हात न्हाईत?”

वसुधाला फोन केला. ती हसत होती. “खूप गप्पा मारल्या त्यांनी. तू रोज त्यांच्याकडं जेवायचास, हे मला सांगितलं नाहीस.” मग म्हणाली, “तुझी मेंढरं इथवर आली. तू कधी येतोस?”

बदली मागितली मी, झाली मेंढरांची. तीही थेट वाईला.

ती इतक्या लांबून परत येणं शक्य नव्हतं. जाधवांना विश्वासात घेतलं. ते म्हणाले, “सर, हुकूम करा. माझ्या साडूच्या शेळ्या हायती. लाइनमध्ये उभ्या करतो.” शेळ्यांविषयीचं माझं जाहीर व्याख्यान आठवून मी नको म्हणालो.

तर आता पुन्हा त्या वाऱ्यात.

“मॅडम,” मी म्हणालो, “मेंढ्या गेल्या. दिवाळीनंतर जातात. दरवर्षीच जातात.”

राघवननी डोळे मिटून घेतले. मॅडम शांतपणे परातीकडे बघत होत्या. “मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “मागच्या महिन्यात तुमच्या फोटोत अँटेना उत्तरेकडे तोंड करून होती. उत्तरेला आपला एकही उपग्रह असा उभा नाही, मिस्टर शेवडे.”

आयुष्यभर एकाच दिशेला बघणारी एक गोष्ट माझ्या ताब्यात दिली होती. ती मी फिरवून दाखवली, आणि तीही अँटेना इंजिनिअरला.

“का केलंत असं?” आवाजात राग नव्हता. राग परवडला असता.

काय सांगणार? गवताचं सांगावं असं ठरवलं होतं, वणव्याचं, उंदरांचं. तोंडातून भलतंच निघालं. “मॅडम, ती होती तेव्हा इथं आवाज असायचा. आणि तुम्ही दर सोमवारी विचारायचात.”

मॅडमनी वाऱ्यावर उडणारा पदर खोचला. त्या म्हणाल्या, “चॅलेंजच्या रकान्यात तुम्ही कायम ‘नन’ लिहिता.”

“हे त्या रकान्यात कसं लिहायचं, मॅडम?”

केबिनमध्ये चहा झाला, आलेख बघून झाले. आलेख उत्तम होते, ते त्यांनी तीनदा सांगितलं. गाडीत बसताना त्या थबकल्या आणि काच खाली करून विचारलं, “मिस्टर शेवडे, तुमचं जेवण झालं का?”

आणि मी, हौसाक्का गेल्यापासून ज्या प्रश्नासाठी तरसलो होतो तो माझ्या डायरेक्टरांनी विचारला असताना, ताठ उभा राहून म्हणालो, “नॉमिनल, मॅडम.”

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत मी आणि जाधव गेटवर उभे होतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की हा माणूस रोज सकाळी दारात उभा राहून मला अपडेट देतो आणि मी पडदा काळा करतो.

“जाधव, जेवलात का?”

जाधवांनी टाचा जुळवल्या. “सब ठीक, सर!”

पुढची हकीकत थोडी आहे. मला मेमो आला नाही. परिपत्रकं मात्र आली: स्टेशनच्या हद्दीत जनावरं आणू नयेत, फोटोवर तारीख असावी. अपडेटच्या फॉरमॅटमध्ये एक नवीन रकाना आला, ‘स्टेशन स्टाफ वेल-बीइंग: येस/नो’. तो मॅडमनी माझ्यासाठी घातला असावा, असा माझा समज आहे. माझी फाइलही होल्डवरून निघाली आणि सहीसाठी वर गेली. सही होण्याआधी नेहमीची मेल आली. मॅडम कार्यमुक्त, नवे सर रुजू, दोघांनाही शुभेच्छा. राघवनचा फोन आला, “शेवडेजी, अर्ज नव्यानं करा. नव्या सरांच्या नावानं.” तो केलाय. विचाराधीन आहे. नवे सर घाईत असतात. मी पुन्हा एका मिनिटाचा झालोय. वेल-बीइंगपुढे दर सोमवारी ‘येस’ भरतो. ‘नो’ भरलं तर कारणांचा वेगळा तक्ता उघडतो, तो एकदा उघडून बघितला आणि बंद केला.

पाऊस पडल्यावर तात्या आले, बोलल्याप्रमाणे. परिपत्रकामुळे आता पाल कुंपणाच्या बाहेर असतं. संध्याकाळी मी आणि जाधव तारेच्या अलीकडे खुर्च्या टाकून बसतो, हौसाक्का तारेतून भाकरी देतात. जाधव अजून ‘सब ठीक’च म्हणतात, पण बसून म्हणतात.

नव्यानं नोकरीला लागणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. अपडेटमध्ये पाय असलेली गोष्ट कधी घालू नये. ती एक दिवस चालायला लागते, आणि तिच्या जागी दर सोमवारी तुम्हाला उभं राहावं लागतं.